डोळ्यांत तेल घालूनही

दुडदुडतं मूल असलेल्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा उठताना एक सल्ला देऊन जातो: लक्ष असू द्या हो पोराकडे. पण आईचा एक हात कामात असतो, आजीचे गुडघे दुखत असतात, दारावर पाववाला पोदेर भोंगा वाजवतो, फोन वाजतो. डोळ्यांत तेल घालून बसलं तरी पापणी लवतेच, आणि घरातले बरेचसे अपघात तेवढ्यात उरकतात. यात नशिबाचा भाग कमी. मुलाच्या कातडीची जाडी, डोक्याचं वजन, श्वासनळीची रुंदी ही मापंच अशी आहेत की आपण धावत पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून घराची मांडणी बदलणं जास्त भरवशाचं.

कढत पाण्याचंच बघा. त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते, यावरचा मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांचा 1947 सालचा अभ्यास आजही आधार मानला जातो. 49 अंश सेल्सियसच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचा खोलवर भाजायला नऊ-दहा मिनिटं लागतात. 60 अंशांना पाचेक सेकंद पुरतात. म्हणजे तापमान अकरा अंश वाढलं आणि हाताशी असलेला वेळ शंभरपटीने आटला. लहान मुलाची त्वचा पातळ, त्यामुळे त्याला ते पाच सेकंदही मिळत नाहीत. आणि घरचा गीझर साठच्या आसपास लावलेला असणं काही विशेष नाही.

आपल्याकडे बादलीत आधी कढत पाणी सोडायचं आणि मग विसण घालायचं, अशी रीत आहे. टॉवेल आणायला आई वळते त्या मधल्या मिनिटात न्हाणीत निव्वळ कढत पाण्याची बादली उभी असते. क्रम उलटा करा: आधी गार, वरून कढत. एका पैशाचा खर्च नाही. गीझरचा काटा पन्नासच्या खाली आणता आला तर उत्तमच.

पेजेचं प्रकरण आणखी वेगळं. दहाच्या सुमारास चुलीवरून उतरवलेली पेज सांडली तर पाण्यासारखी ओघळून जात नाही. तांदळाच्या पिठूळपणामुळे ती अंगाला चिकटते आणि तिथेच उष्णता देत राहते. टेबलक्लॉथ खाली लोंबत असेल तर उभं राहायला शिकणारं मूल नेमकं त्यालाच धरून उठतं, आणि वरचं भांडं डोक्यावर येतं. भाजलंच, तर त्या भागावरचे कपडे काढा (चिकटलेलं कापड ओढू नका) आणि नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडा. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतलं काही लावू नका. वीस मिनिटं फार वाटतात, घरातलं कोणीतरी ‘पोर गारठेल’ म्हणून ओरडतंच. त्यांचंही बरोबर आहे. बाकीचं अंग कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, पण पाणी बंद करू नका.

बादली गार पाण्याची असली तरी धोका संपत नाही. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं, मोठेपणी साधारण आठवा. त्यामुळे वर्ष-दीड वर्षाचं मूल बादलीत वाकलं की तोल डोक्याकडे जातो. हातांत स्वतःला उचलण्याइतकी ताकद नसते, आणि अर्धी भरलेली बादली त्याच्या वजनाने कलंडतही नाही. तोंड पाण्याखाली असल्याने ओरडणं ऐकू येत नाही. चार-पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. पावसाळ्यात पागोळ्यांखाली ठेवलेली पिंपं, नळाला पाणी येणार नाही म्हणून भरलेली टबं, सगळं झाकून ठेवा किंवा पालथं घाला. विहिरीला नुसता कठडा पुरत नाही, मुलं चढतात. वर लोखंडी जाळी हवी.

गळ्यात अडकणाऱ्या गोष्टींत आपल्या अंगणातला काजूही आला. लहान मुलाला दाढा आलेल्या नसतात, पुढच्या दातांनी तुकडा तुटतो पण दळला जात नाही. चौथं वर्ष संपेपर्यंत अख्खे काजू-शेंगदाणे देऊ नका. कूट करून द्या. रिमोटमधली बटणासारखी सपाट बॅटरी मात्र याहून वाईट. ती अन्ननलिकेत अडकली तर ओल्या पेशींतून वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. शंका आली तरी थेट इस्पितळ गाठा.

आता बाटल्या. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी उर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू) येतो तो बहुतेकदा पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. फेणी तशीच, रॉकेल आणि फिनाईलही तसंच. मुलाला बाटलीचा आकार कळतो, आतला वास नंतर. फेणीत साधारण 42 टक्के अल्कोहोल धरलं तर दहा किलोच्या मुलाने एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर प्यायली की रक्तातलं प्रमाण 100 मिलिलिटरला 80 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. गाडी चालवणाऱ्याला कायद्याने 30 ची मर्यादा आहे. झिंगणं ही त्यातली किरकोळ बाब. अल्कोहोलमुळे यकृताचं नवी साखर तयार करायचं काम अडतं, आणि मुलाच्या यकृतातला साठा मुळात लहान. रक्तातली साखर घसरून झटके येऊ शकतात, विशेषतः सकाळी उपाशीपोटी.

कॅनडातले डॉक्टर आंरी ब्रो यांनी 1967 मध्ये दाबून फिरवायचं झाकण आणलं, कारण पालकांना बजावून मुलांची विषबाधा थांबत नव्हती. आपल्या उर्राकाच्या बाटलीला तसं झाकण नसतं, तेव्हा काम कुलूपबंद कपाटाने करायचं.

चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली ठेवलेला कापूर खडीसाखरेच्या खड्यांसारखाच दिसतो, आणि प्रसाद म्हणून खडीसाखर मुलांच्या हातावर आपणच ठेवतो. कापराच्या एखाद-दोन वड्या पोटात गेल्या तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. डबी आरतीपुरती काढा.

पोटात काही गेलंच तर बोटं घालून उलटी करवू नका. रॉकेल उलटताना फुफ्फुसात शिरतं आणि खरा अनर्थ तिथे होतो. 108 ला फोन करा. बाटली किंवा डबी बरोबर न्या, वासावरून ओळखत बसण्यात डॉक्टरांचा वेळ जाऊ नये.