जरीच्या धाग्यातून ईसीजी

घरात आजीच्या वेळचा खऱ्या जरीचा शालू असेल तर एक करून बघा, मल्टीमीटर (तारेतून वीज जाते का ते तपासायचं यंत्र) बीपवर ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही पिना जरीच्या एकाच तारेवर दोन बोटं अंतर सोडून टेकवायच्या. मी आईच्या शालूवर केलं, टीं करून वाजला (आई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही). मग सेलमधल्या साडीवर केलं तर चिडीचूप, कारण तिथली जरी म्हणजे नुसती प्लास्टिकची चकचकीत पट्टी. खऱ्या जरीत रेशमावर नाहीतर सुतावर धातूची चपटी तार गुंडाळलेली असते, म्हणजे झालीच की वायर, आणि वर घडी घालता येते! असेच वीज वाहणारे धागे घालून आता हृदयाचे ठोके आणि श्वास मोजणारे शर्ट करतात.

१९९७ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी असंच तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेलं ऑर्गन्झा नावाचं झिरझिरीत रेशमी कापड घेऊन कापडावर सर्किटं केली. त्याच काळात तिथल्याच जॉर्जिया टेक विद्यापीठात सुंदरेसन जयरामन यांच्या टीमने अमेरिकन नौदलाच्या पैशातून सैनिकांसाठी बनियन विणलं, त्यात ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारे धागे घातलेले, गोळी लागली की फायबर तुटणार आणि प्रकाश कुठे अडला त्यावरून जखम कुठेय ते कळणार.

आताच्या हेल्थ शर्टात बहुतेक वेळा चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा असतो. श्वास मोजणं त्यातल्या त्यात सोपं, छातीभोवती नागमोडी वायर शिवायची, छाती फुगली की ती ताणली जाते आणि तेवढा फरक सर्किटला कळतो. खरी गंमत ईसीजीची. हृदयाचा सिग्नल छातीच्या कातडीपर्यंत येईतो जेमतेम एक मिलिव्होल्ट उरतो, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या दीड हजारावा भाग. तो नीट पकडता यावा म्हणूनच हॉस्पिटलात गार गार जेल लावतात, शर्टात जेल कुठून आणणार, तर तिथे ते काम आपला घाम करतो! सुरुवातीला अंग कोरडं असतं तोवर ग्राफ वेडावाकडा, घाम फुटला की सुधारतो, म्हणून पळणारे लोक ठोके मोजणारा छातीचा पट्टा आधी पाण्याने ओला करून घेतात. आणि जिना चढताना कापड जरा सरकलं तरी असा खडखडाट येतो की ठोका शोधावा लागतो. म्हणून शर्ट घट्टच हवा, आता मे महिन्यात मुंबईत तो दिवसभर कोण घालणार ते मला माहीत नाही. आणि शर्टात सिग्नल पकडणाऱ्या पट्ट्या दोन-तीनच, त्यामुळे ठोक्यांची लय दिवसेंदिवस बघायला हे उत्तम, पण छातीत दुखतंय तर हॉस्पिटलातला १२ लीडचा (हृदय बारा बाजूंनी बघणारा) ईसीजीच काढायचा, शर्ट बघत बसायचं नाही.

२०१९ मध्ये कॅनडाचे अंतराळवीर डेव्हिड सेंट-जॅक यांनी स्पेस स्टेशनवर असा शर्ट घालून ट्रायल घेतली, पण तिकडे एक सोय आहे, वॉशिंग मशीनच नाही, कपडे मळले की टाकून देतात. आपल्याकडे मशीनशीच तर गाठ आहे. घामाने चांदी पैंजणासारखी काळी पडते, ब्लीचने अजून वाट लागते, मुलामा झिजतो. आईचा शालू टिकला खरा, पण त्याला पाणी कधी लागलंय? बॅटरीची डबी टिचबटणाने काढून ठेवता येते म्हणून ती वाचते, आणि तुटतं ते नेमकं त्या टिचबटणापाशी, जिथे मऊ धागा कडक धातूला जोडलेला असतो आणि प्रत्येक पिळाला तिथेच दुमडतो.