210व्या क्रमांकाचं गणित

फिफाच्या पुरुष संघांच्या क्रमवारीत सगळ्यात खाली कोण, हे बरीच वर्षं यादी न बघताही सांगता येत आलंय. 210वा क्रमांक, सान मारिनो. चहूबाजूंनी इटलीने वेढलेला हा देश जेमतेम 61 चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या साधारण 34 हजार. बरेचसे खेळाडू नोकरी-धंदा सांभाळून सरावाला येतात. 1988 मध्ये फिफाचं सदस्यत्व मिळालं. 14 नोव्हेंबर 1990 ला पहिला अधिकृत सामना झाला आणि स्वित्झर्लंडने सेराव्हालेच्या घरच्या मैदानावर त्यांना 4-0 असं हरवलं. 2006 मध्ये तिथेच जर्मनीने 13 गोल चढवले. मधे 28 एप्रिल 2004 ला एका मैत्रीपूर्ण सामन्यात अँडी सेल्व्हाच्या गोलवर लिश्टेनश्टाइनला हरवलं खरं, पण पुढचा विजय यायला 20 वर्षं आणि 140 सामने जावे लागले.

जगातला सर्वांत वाईट संघ अशी पाटी लावून मोकळं होणं सोपं आहे. मला ती पाटी अर्धवट वाटते.

आधी माणसं मोजू. खेळण्याच्या वयाचे पुरुष ढोबळमानाने साडेतीन हजार धरले, तर अकरा जण निवडायचे म्हणजे सव्वातीनशेत एक. शेजारच्या इटलीत असे 60 लाख धरले, तर साडेपाच लाखांत एक. कौशल्याच्या आलेखाच्या अगदी टोकाला बसणारी माणसं मोठ्या गर्दीतच सापडतात. अर्थात लोकसंख्या म्हणजे सगळं नव्हे. साडेतीन लाखांच्या आइसलँडने 2018 चा विश्वचषक गाठला, दीड लाखाच्या आसपास वस्ती असलेला क्युरासाव 2026 च्या विश्वचषकाला पात्र ठरला, आणि 140 कोटींचा आपला देश शंभराच्या पलीकडे कुठेतरी आहे. त्यावर इथे न बोललेलंच बरं.

खरी गंमत गोलांच्या गणितात आहे. फुटबॉलमध्ये गोल ही दुर्मीळ घटना. अशा सुट्या सुट्या दुर्मीळ घटना किती वेळा घडतील, हे सांगणारं सूत्र प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. 1898 मध्ये संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी ते प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ बसून दगावलेल्या सैनिकांच्या आकड्यांना लावून पाहिलं आणि ते चपखल बसलं. गोलांनाही ते बऱ्यापैकी लागू पडतं.

समजा, तगड्या संघाविरुद्ध सान मारिनोची सरासरी सामन्याला 0.3 गोल आहे आणि प्रतिस्पर्ध्याची 4. मग सान मारिनोला एकही गोल करता न येण्याची शक्यता 74 टक्के, आणि प्रतिस्पर्ध्याला एकही न जमण्याची फक्त 1.8 टक्के. दोन्हींचा गुणाकार केला की 0-0 ची शक्यता येते साधारण 1.4 टक्के, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर सामन्यांत एकदा. वर्षाला सहा-सात सामने खेळणाऱ्याला त्यासाठी दहा-बारा वर्षं थांबावं लागणार. नोव्हेंबर 2014 मध्ये एस्टोनियाशी 0-0 बरोबरी झाली, तेव्हा 61 सलग पराभवांची मालिका तुटली. त्याआधीची 0-0 होती 1993 मध्ये, तुर्कस्तानविरुद्ध.

दुर्मीळ घटना कधी घडेल याला मात्र काही धरबंध नसतो. 17 नोव्हेंबर 1993 ला बोलोन्यात इंग्लंडविरुद्धचा सामना सुरू झाला. स्टुअर्ट पिअर्सने गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू कमी पडला, दाविदे ग्वाल्तिएरी मधे घुसला आणि 8.3 सेकंदांत गोल! विश्वचषक पात्रता सामन्यांतला हा सर्वांत जलद गोल ठरला आणि तो विक्रम 2016 पर्यंत टिकला. सामना इंग्लंडने 7-1 जिंकला, ते आता किती जणांना आठवतं?

आता क्रमवारी. 2018 पासून फिफा वापरते ती पद्धत मुळात अर्पाद एलो या भौतिकशास्त्रज्ञाने बुद्धिबळासाठी मांडली होती. सामन्याआधी दोघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढतात (विजय म्हणजे 1, बरोबरी 0.5, पराभव 0), आणि प्रत्यक्ष निकाल त्यापेक्षा जितका वेगळा, तितके गुण हलतात. समोरचा संघ 900 गुणांनी वर असेल, तर आपला अपेक्षित निकाल 0.03 येतो. पात्रता फेरीच्या सामन्याचं वजन 25 धरतात. तिथे हरलात, तर 25 गुणिले 0.03, म्हणजे पाऊण गुण जातो. गोल किती खाल्ले याला इथे किंमतच नाही, 1-0 आणि 13-0 सारखेच. जगज्जेत्यांकडून हरून सान मारिनोचं काही बिघडत नव्हतं आणि सुधारतही नव्हतं. आपल्या तोलाच्या संघाशी गाठच क्वचित पडायची.

ती 2018 मध्ये सुरू झालेल्या, युरोपातल्या देशांच्या नेशन्स लीग या स्पर्धेमुळे पडू लागली, कारण तिथे संघ ताकदीनुसार गटांत वाटतात. दोन्ही संघांची सरासरी एकेक गोल धरली, तर तेच प्वासाँचं सूत्र विजयाला 35 टक्के आणि बरोबरीला 31 टक्के देतं. 5 सप्टेंबर 2024 ला 19 वर्षांच्या निको सेन्सोलीने लिश्टेनश्टाइनविरुद्ध गोल केला आणि स्पर्धात्मक सामन्यातला पहिला विजय मिळाला. नोव्हेंबरमध्ये जिब्राल्टरशी 1-1, आणि तीनच दिवसांनी लिश्टेनश्टाइनच्या राजधानीत, वाडुझमध्ये, त्यांच्यावर पिछाडीवरून 3-1, हा परदेशातला पहिला विजय. प्रशिक्षक रॉबेर्तो चेवोली यांच्या हाताखाली खेळ सुधारला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण समोर कोण उभं आहे हेही बदललं होतं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात ऑस्ट्रियाने याच संघावर 10 गोल केले.

गटात पहिले आल्यामुळे सान मारिनोला नेशन्स लीगमध्ये वरच्या सी श्रेणीत बढती मिळाली. तिथले संघ लिश्टेनश्टाइनपेक्षा बरेच भारी असतात, म्हणजे पुन्हा 0.3 आणि 4 च्या जवळ जाणारे आकडे.