झेडपीत मास्तर लागला म्हणजे पहिल्याच महिन्यापासून फुल पगार? नाही ना बाप्पा

आपल्या नागपुरात कोणाचा पोरगा झेडपीत मास्तर लागला की नातेवाईक लगेच पन्नास-साठ हजार पगार पकडून पोरी सुचवायला लागतात. हे कित्येक वर्षांपासून चालू आहे आणि ते चूक आहे.

तो आधी "शिक्षण सेवक" म्हणून लागतो, ही योजना 2000 पासूनची आहे. पहिली तीन वर्षं त्याले वेतनश्रेणी मिळतच नाही, नुसतं ठरलेलं मानधन, प्राथमिकले महिन्याला 16,000, माध्यमिकले 18,000, आणि हेसुद्धा 1 जानेवारी 2023 पासून, त्याआधी प्राथमिकवाला कित्येक वर्षं 6,000 वर काम करत होता, म्हणजे रामटेककडच्या एखाद्या गावात रूमभाडं अन् पेट्रोल काढून हातात काय उरत असेल तुम्हीच बघा. वर्गात शिकवणं मात्र सेमच! तीन वर्षं नीट पार पडली की मग रेग्युलर, सातव्या आयोगात प्राथमिकचं मूळ वेतन 29,200 पासून, त्यावर डीए वगैरे.

दुसरा गैरसमज, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास म्हणजे नोकरी पक्की. अरे ती फक्त पात्रता आहे बे, 150 पैकी 90 आणले की झालं. सिलेक्शन टेट (TAIT, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) नावाच्या वेगळ्या, 200 मार्कांच्या परीक्षेवर होते, मग पवित्र पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवर, पसंतीक्रम भरा आणि जागा निघायची वाट बघा. पहिली टेट 2017 ला झाली, दुसरी थेट 2023 ला. मधल्या काळात कित्येकांचं वय निघून गेलं.