मुखारोग्य आणि गंभीर जंतुसंसर्ग

दात, हिरड्या व तोंडाचे अस्तर यांची स्थिती आणि शरीरात इतरत्र उद्भवणारे गंभीर जंतुसंसर्ग यांचा परस्परसंबंध. तोंडात जीवाणूंच्या 700 हून अधिक जाती आढळल्या आहेत. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सतत उतरत असतात. पहिला पहारा त्यांचाच. पायोरियात ही फट खोल होते व तिचे अस्तर विरते. सगळ्या दातांभोवती असे झाले, तर सुजलेली जागा मिळून 8 ते 20 चौ. सेंमी. भरते. हाताला एवढी जखम झाली असती, तर माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता.

अशा हिरडीतून घास चावताना वा ब्रश करतानाही जीवाणू रक्तात शिरतात. बहुधा काही मिनिटांत त्यांचा निकाल लागतो. पण हृदयाची झडप कृत्रिम असेल, तर ते तिथे चिकटून अंतर्हृदयशोथ (हृदयाच्या आतल्या अस्तराचा दाह) होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाचा दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास प्रतिजैविक देतात. खालच्या दाढेचा पू जिभेखाली व गळ्यात उतरला, तर श्वासमार्ग दाबला जातो. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 मध्ये वर्णिलेला हा विकार आजही तातडीचा मानतात.

मधुमेह दोन्ही बाजूंनी काम करतो. वाढलेल्या साखरेने न्यूट्रोफिल मंदावतात आणि हिरड्या बिघडतात. उलट, हिरड्यांचा दाह इन्सुलिनचा परिणाम कमी करतो. हिरड्यांवर उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारे, टक्क्यांत मोजले जाणारे प्रमाण) सरासरी 0.4 अंकांनी उतरते.

2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर नाशिक जिल्ह्यातही म्युकरमायकोसिसचे, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या ‘काळ्या बुरशी’चे, रुग्ण आढळले. ही बुरशी नाकावाटे येते, दातांतून नव्हे. तरीही वरचे दात एकाएकी हलू लागणे, हिरडीवर पुवाच्या पुळ्या, टाळूवर काळपट चट्टा अशी लक्षणे तोंडातच दिसत. त्यामुळे काही रुग्ण आधी दंतवैद्याकडे गेले. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती खचलेली असे. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक औषध देऊनही काहींचा वरचा जबडा काढावा लागला. मग नाकातून पाणी येऊ नये म्हणून टाळूचे भगदाड झाकणारी कवळी बसवावी लागते.

जिल्ह्यातील मशेरी-तंबाखूची सवय या चित्रात गुंतागुंत वाढवते. तंबाखू ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, म्हणून आजार आतल्या आत वाढूनही ‘दात चांगले आहेत’ असा समज टिकतो. मशेरीने तर दुखणे दबते असेच अनेकींना वाटते.

संबंध दिसला म्हणजे कारण सापडले, असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘तोंडातला पू हेच सर्व रोगांचे मूळ’ या मताच्या भरात संधिवातापासून वेडापर्यंत कशाकशावर उपाय म्हणून चांगले दात उपटले गेले. आजचा सर्वांत भक्कम व व्यवहारोपयोगी पुरावा न्यूमोनियाचा आहे. कृत्रिम श्वासावरील रुग्णाच्या तोंडातली घाण फुप्फुसात ओघळते. 2022 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी अशा रुग्णांसाठी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्यांऐवजी साधे ब्रश करणे सुचवले आहे.