कॅकॉफनी आणि डिसोनन्स: कानाला खुपणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत एखादं ढोल पथक रंगात येतं तेव्हा छातीत धडधड जाणवते, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तरीही त्या आवाजाला कॅकॉफनी म्हणता येणार नाही. टोल पडतो, ताशा त्याला धरून चालतो आणि सगळे ढोल एकाच ठेक्यावर बसतात. अलका टॉकीजच्या चौकात मात्र एका रस्त्याने आलेलं पथक आणि दुसऱ्या रस्त्याने आलेल्या मंडळाची स्पीकरची भिंत समोरासमोर येतात, त्यात पिपाण्या आणि शिट्ट्यांची भर पडते, आणि कॅकॉफनी सुरू होते. कुणीच कुणाशी जुळवून घेत नाही, जुळवायची इच्छाही नसते. आवाज मोठा असणं ही या शब्दाची अट नाहीच. शाळेची घंटा व्हायच्या आधी मुलं आपापल्या पेटीवर आपापली गाणी हळू आवाजात वाजवत बसली, तरी ती कॅकॉफनीच.

मूळ ग्रीक: ‘काकोस’ म्हणजे वाईट, ‘फोने’ म्हणजे आवाज. आपल्याकडे सर्रास ‘कॅकोफोनी’ म्हणतात. इंग्रजी उच्चार ‘कॅकॉफनी’च्या जवळचा आहे आणि जोर ‘कॉ’वर पडतो. डिसोनन्स लॅटिनमधून आला. ‘सोनारे’ म्हणजे वाजणं आणि ‘डिस’ म्हणजे वेगवेगळं. दोन्ही शब्दांना मराठीत ‘बेसूर’ किंवा ‘कर्कश’ म्हणून मोकळं होण्याची सवय आहे, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

इंग्रजी वाक्यात त्यांच्यापुढे कोणता शब्द येतो ते पाहिलं की फरक लगेच उघड होतो. ‘अ कॅकॉफनी ऑफ हॉर्न्स’, ‘अ कॅकॉफनी ऑफ व्हॉइसेस’: म्हणजे अमक्याचा गोंगाट, ढिगाने आवाज. डिसोनन्सपुढे बहुधा ‘बिट्वीन’ येतो: अमुक आणि तमुक यांच्यातला. डिसोनन्स म्हणजे न जुळणं. त्याला निदान दोन गोष्टी लागतात आणि त्यांचं एकमेकींशी नातं असावं लागतं. एकटा स्वर डिसोनंट नसतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांपैकी एक २४० कंपनांवर आणि दुसरी २४३ वर असेल, तर सेकंदाला तीनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. त्या लाटा दोन तारांच्या मिळून असतात. कुठलीही एकच छेडली तर ती गोडच लागते.

साहित्यात कॅकॉफनीला आणखी एक अर्थ आहे, आणि तो आपल्या परंपरेला चांगला परिचयाचा आहे. जिभेला अडखळवणारी, कानाला टोचणारी अक्षरं जवळजवळ आली की इंग्रजी समीक्षक त्या ओळीला कॅकॉफनस म्हणतात. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त पददोषांची यादी ‘श्रुतिकटु’नेच सुरू केली आहे. त्याचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. शृंगाराचा श्लोक, ‘अनङ्गमङ्गल’ अशी मऊ अनुनासिकं एकामागून एक येतात आणि मध्येच ‘कार्तार्थ्यं’ हा दगड! मोठ्याने म्हणून पाहा, ठेच लागते. पण रौद्र रसात हाच दोष गुण ठरतो, हेही मम्मट सांगतो. आपल्या पोवाड्यात ट, ड, ढ आणि जोडाक्षरं खणखणत येतात, तिथे कुणाला कर्कश वाटतं? म्हणून मला या अर्थाची कॅकॉफनी गोंगाटापेक्षा डिसोनन्सच्याच जवळची वाटते: तीही मुद्दाम योजता येते.

संगीतातला डिसोनन्स दाखवायला मोझार्टचं १७८५ सालचं एक स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, पुरेसं आहे. हेडन या संगीतकाराला अर्पण केलेल्या सहांपैकी हे शेवटचं, आणि त्याला ‘डिसोनन्स’ याच नावाने ओळखतात. चेलो मंद्रात एकच स्वर धिमेपणाने वाजवत राहतो. त्याला षड्ज धरा. त्यावर व्हायोला येतो कोमल धैवतावर. दुसरं व्हायोलिन येतं कोमल गंधारावर. कान त्या कोमलात स्थिरावतो न स्थिरावतो तोच पहिलं व्हायोलिन वरून शुद्ध धैवत लावतं. अंगावर काटा येतो. चुकलं की काय असं वाटतं, पण बावीस मात्राखंडांची ती संथ प्रस्तावना संपून स्वच्छ, उजळ सी मेजर (सगळे शुद्ध स्वर असलेली स्वरपट्टी) सुरू होतो तेव्हा कळतं की तो उजेड एवढा जाणवावा म्हणूनच आधीचं ढग दाटणं होतं. कॅकॉफनी थांबावी असं वाटतं. डिसोनन्स सुटावा असं वाटतं.

हिंदुस्थानी संगीतात विवादी स्वराची जागा काहीशी अशीच आहे. वादी, संवादी, अनुवादी, विवादी ही चौकट नाट्यशास्त्राइतकी जुनी. पुढे भातखंड्यांच्या पद्धतीत विवादी म्हणजे रागाला वर्ज्य असलेला, पण कसबी गायकाने क्षणभर लावला तर रंग वाढवणारा स्वर. बिहागातला तीव्र मध्यम असाच चोरपावलांनी आला आणि आज त्याच्याशिवाय बिहाग क्वचितच ऐकायला मिळतो. बेसूर गाणाऱ्याचा स्वरही खुपतो, पण त्याला जायचं असतं एकीकडे आणि तो पोचतो भलतीकडे. विवादी लावणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते पक्कं ठाऊक असतं.

मनाच्या संदर्भातला डिसोनन्स मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडला आणि ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ घराघरात गेला. इथे मात्र चुकीचा वापर फार बोकाळला आहे. एखादा पुढारी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं बोलला की त्याला हे लेबल लावतात. त्याला स्वतःला काही टोचत नसेल तर तो साधा दुटप्पीपणा. डिसोनन्स म्हणजे दोन न जुळणाऱ्या गोष्टी एकाच मनात असल्याची बोच, आणि ती घालवण्यासाठी मन करतं ती धडपड. १९५९ च्या प्रयोगात फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं: रिळं भरायची आणि काढायची, खुंट्या पाव वळणाने फिरवत बसायच्या. मग पुढच्याला ‘मजा आली’ असं सांगायला लावलं. काहींना त्यासाठी वीस डॉलर दिले, काहींना एकच. नंतर विचारल्यावर काम खरंच बरं होतं असं म्हणण्याकडे एक डॉलरवाल्यांचा कल जास्त होता. वीस डॉलरवाल्यांकडे खोटं बोलण्याला कारण होतं. एक डॉलरवाल्यांकडे ते नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचं मतच वळवून घेतलं. या जागी कॅकॉफनी हा शब्द चालणारच नाही. डोक्यात शंभर विचारांचा कल्ला असेल तर ती विचारांची कॅकॉफनी. दोनच विचार एकमेकांना जगू देत नसतील तर डिसोनन्स.

दोन्ही एकाच छताखाली ऐकू आल्याचं उदाहरण म्हणजे २९ मे १९१३ ची पॅरिसमधली संध्याकाळ. संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचा पहिला प्रयोग होता. ऑर्केस्ट्रात एक कॉर्ड (एकदम वाजणारे काही स्वर) आणि तिच्यापासून अर्ध्या स्वराने सरकलेली दुसरी, अशा दोन्ही एकदम वाजत होत्या. पुन्हा पुन्हा, अनपेक्षित ठिकाणी आघात देत. मोझार्टसारखी सुटकाही नव्हती. पण प्रत्येक स्वर लिहिलेला, प्रत्येक आघात मोजलेला होता. प्रेक्षागृहात हसणं, ओरडणं, शिट्ट्या आणि आपसात भांडणं चालू होती. ती इतकी वाढली की नर्तकांना संगीत ऐकू येईना, आणि नृत्यरचनाकार निजिन्स्की विंगेत उभा राहून ओरडून मात्रा मोजत होता. डिसोनन्स वाद्यवृंदात होता आणि कॅकॉफनी खुर्च्यांमध्ये. पुढच्या वर्षी पॅरिसमध्येच त्याच संगीताची नृत्याविना मैफल झाली. या वेळी लोकांनी स्ट्राव्हिन्स्कीला खांद्यावर घेऊन मिरवलं.