परतीचा पाऊस: कोकणाचा अंदाज घाटावरून वाचताना

सप्टेंबर अर्धा सरला तरी सातारा-सांगलीत कोकण किनारपट्टीचा अंदाज कान देऊन ऐकला जातो. ही सवय जूनपासूनची. जून ते ऑगस्ट आपला पाऊस खरोखरच कोकणातून वर चढतो. अरबी समुद्रावरचे बाष्प सह्याद्रीला धडकते, महाबळेश्वर आणि कोयनेचे खोरे भिजून निघते आणि त्या पावसाचा हिशेब शेवटी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर फुटांत मांडला जातो: ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. उत्तरा नक्षत्र लागले की मात्र ही दिशा बदलू लागते. पुढचा पाऊस बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो. तो आधी जत-आटपाडी, माण-खटाववर गडगडतो आणि मग घाट उतरून चिपळूण-संगमेश्वरकडे जातो. म्हणजे या दिवसांत कोकणातल्या पावसाची वर्दी घाटावरचे आभाळ देते, आणि आपण मात्र सवयीने पश्चिमेकडे बघत बसतो.

पूर्वी हे सगळे नक्षत्रांवर चाले. सूर्य साधारण १३ सप्टेंबरला उत्तरा, २७ सप्टेंबरला हस्त, १० ऑक्टोबरला चित्रा आणि २४ ऑक्टोबरच्या सुमारास स्वाती नक्षत्रात जातो. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण कोरडवाहू शाळूवाल्याची, म्हणजे रब्बी ज्वारी पिकवणाऱ्याची आहे, द्राक्षवाल्याची नव्हे. त्याच्या बागेत स्वाती पडली तर मोत्यांऐवजी कूज येते. नक्षत्रांच्या या तारखा इंग्रजी कॅलेंडरवर स्थिरही नसतात. साधारण ७० वर्षांत त्या एक दिवस पुढे सरकतात, त्यामुळे आजोबांचा हस्त आणि आजचा हस्त यांत जवळपास एका दिवसाचा फरक पडतो. तेवढ्याने शेतीचे काही बिघडत नाही. बिघडते ते नक्षत्राला वेळापत्रक समजल्याने.

सरकारी अंदाजाचा इतिहास १८७५ पासून सुरू होतो. त्या वर्षी भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आधार घेऊन १८८६ मध्ये मोसमी पावसाचा पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाज दिला. १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. तिथेच १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली आणि १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामान वार्तापत्र येऊ लागले. या सगळ्यात भर होता तो पाऊस येण्यावर. तो जाण्याकडे लक्ष कमी होते. आल्याची तारीख सगळ्यांना हवी असते, गेल्याची फक्त ज्याचे पीक रानात उभे आहे त्याला.

मोसमी पावसाच्या परतीच्या, म्हणजे माघारीच्या, जुन्या सरासरी तारखा १९०१ ते १९४० या काळातल्या १४९ केंद्रांच्या नोंदींवरून ठरल्या होत्या. त्यांनुसार वायव्य राजस्थानातून माघार १ सप्टेंबरला सुरू होई आणि मुंबईतून पाऊस २९ सप्टेंबरला जाई. २०२० मध्ये हवामान विभागाने या तारखा बदलल्या. माघारीसाठी १९७१ ते २०१९ च्या नोंदी धरल्या. आता राजस्थानातली सुरुवात १७ सप्टेंबर आणि मुंबईची तारीख ८ ऑक्टोबर आहे. संपूर्ण देशातून माघारीची १५ ऑक्टोबर ही तारीख मात्र तशीच राहिली. दीड महिन्यात होणारी माघार अशी कागदावर चार आठवड्यांत बसली. ती वायव्येकडून दक्षिणेकडे सरकते, म्हणून सांगलीची पाळी मुंबईच्या थोडी नंतर येते.

मुंबईची तारीख पुढे गेली ते हे नऊ दिवस तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात फार महाग पडतात. नाव ऑक्टोबर छाटणी असले तरी आगाप, म्हणजे लवकर धरलेल्या बागांची फळछाटणी सप्टेंबरातच होते. २० सप्टेंबरला छाटलेली बाग ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोंग्यातून, म्हणजे नुकत्या फुटलेल्या डोळ्यातून, कोवळ्या पानांवर येते आणि ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला फुलोऱ्यात असते. जुनी तारीख धरून आखणी केली तर कोवळी फूट कोरड्या हवेत येणार असे वाटते. नव्या तारखेने पाहिले तर तीच फूट पावसात सापडते. डाऊनीला, म्हणजे केवडा या बुरशीजन्य रोगाला, एवढेच हवे असते: पान काही तास सलग ओले आणि तापमान १८ ते २५ अंशांच्या आसपास. त्यामुळे दुपारी पडून तासाभरात ऊन आलेला ३० मिलिमीटर पाऊस एक वेळ परवडतो, रात्री नऊला पडलेला ५ मिलिमीटर नाही. त्याने पान सकाळपर्यंत ओले राहते. पुढे फुलोऱ्यात असा पाऊस झाला तर घडात पाणी साठून कूज आणि गळ. स्पर्शजन्य बुरशीनाशक जोरदार सरीत धुऊन जाते आणि चिखलात ट्रॅक्टर ओळीत घालता येत नाही, म्हणून फवारणी चुकते ती नेमकी गरजेच्या दिवशी.

माघार जाहीर करण्याचे निकषही समजून घ्यायला हवेत. वायव्य भारतात १ सप्टेंबरनंतर सलग पाच दिवस पाऊस नसणे, खालच्या थरात प्रतिचक्रवात, म्हणजे बाहेर वाहणाऱ्या वाऱ्यांची उच्च दाबाची प्रणाली तयार होणे आणि हवेतली आर्द्रता लक्षणीय घटणे, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. पुढची वाटचाल कोरडे हवामान आणि उपग्रहातून दिसणारे बाष्प पाहून ठरते. थोडक्यात, नैर्ऋत्येकडून येणारी यंत्रणा बंद पडल्याची ती नोंद आहे. आता पाऊसच पडणार नाही, असे तिच्यात कुठेही म्हटलेले नाही. तिचा अर्थ अनेकदा तसा लावला जातो आणि बागेचे गणित तिथेच चुकते.

२०१९ हे याचे ठळक उदाहरण. त्या वर्षी राजस्थानातून माघार थेट ९ ऑक्टोबरला सुरू झाली आणि १६ ऑक्टोबरला संपूर्ण देशातून पूर्ण झाली. त्यानंतर दहा दिवसांच्या आतच अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ तयार झाले. ते महाचक्रीवादळाच्या तीव्रतेला पोहोचून ओमानच्या दिशेने गेले, पण कोकणासह घाटावरही पाऊस देऊन गेले. पाठोपाठ ‘महा’ नावाचे दुसरे चक्रीवादळ आले. मोसमी पाऊस परतलेला होता, तरी फुलोऱ्यातल्या बागा गेल्याच. त्याआधी २००९ मध्ये ११ नोव्हेंबरला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले होते. सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर समुद्र निवला असे मानायला आधार नाही: अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, एक मॉन्सूनआधीचा आणि दुसरा नंतरचा.

२०२० मध्ये उलटे झाले. बंगालच्या उपसागरातली खोल न्यूनदाब प्रणाली १३ ऑक्टोबरला काकीनाडाजवळ किनारा ओलांडून आत आली. ती तेलंगण, उत्तर कर्नाटक, सोलापूर, सांगली अशी पश्चिमेकडे सरकली, वाटेत अतिवृष्टी करत, आणि शेवटी कोकण किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरली. त्या आठवड्यात कोकणच्या अंदाजातला पाऊस आपल्या अंगणातून गेला होता. २०२१ चे गुलाब वादळही असेच आंध्रात शिरले आणि त्याचे अवशेष अरबी समुद्रात जाऊन तिथे शाहीन झाले.

दरवर्षी वादळ येत नाही. गडगडाटी पाऊस मात्र येतोच. त्यामागचे कारण सोपे आहे. मॉन्सूनचा पश्चिमी झोत मंदावतो, पूर्वेचे वारे शिरतात, जमीन ओली असते आणि ऑक्टोबरचे ऊन तिला तापवते. दुपारी दोन-तीननंतर ढग उभे वाढतात आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे सरकतात. एक ढग तास-दोन तासांत विरतो, पण त्याच्यातून सुटलेली थंड हवा पुढे नवे ढग उभे करते, आणि ही साखळी संध्याकाळपर्यंत घाटमाथ्यावर पोहोचते. कोकणात तेव्हा हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे भात कापणीला आलेले असते. कापून पसरलेल्या पेंढ्या भिजल्या की दाणा तिथेच मोड धरतो. पर्जन्यछायेतल्या माण, जत, आटपाडीची गोष्ट वेगळी. जुलैत तिथे ढग पळतात, पडत नाहीत. वर्षातला सर्वाधिक पाऊस तिथे सप्टेंबरात होतो. विहिरी, तलाव आणि शाळूचा वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, याच पावसावर असतो. एकाच सरीत शेजारच्या तालुक्यातली बाग नासते आणि इथला शाळू साधतो.

अंदाजातल्या शब्दांचीही गल्लत होते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे हलका पाऊस नव्हे. त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, एवढाच त्याचा अर्थ. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के, बऱ्याच ठिकाणी ५१ ते ७५, आणि त्यापुढे बहुतांश ठिकाणी. पावसाची मात्रा वेगळी सांगतात: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. परतीच्या दिवसांत ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हाच सर्वांत धोक्याचा शब्दप्रयोग, कारण सर नेमकी कुठे पडेल ते कोणालाच आदल्या दिवशी सांगता येत नाही. शिवाय कोकण-गोवा आणि मध्य महाराष्ट्र हे हवामान विभागाचे वेगवेगळे उपविभाग आहेत. सातारा-सांगली दुसऱ्यात येतात, तेव्हा किनारपट्टीच्या बातमीवरून इथली छाटणी ठरवणे मुळातच चुकीचे.

बागेत पर्जन्यमापक असेल तर एक खबरदारी. सरकारी दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून ४ तारखेच्या संध्याकाळची सर ५ तारखेच्या नोंदीत येते. दोन वह्यांची तारीख जुळत नाही ती यामुळे. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी; २० मिलिमीटरची एक सर ८०,००० लिटरच्या घरात जाते, मग दुसऱ्या दिवशी ठिबक चालू ठेवण्यात अर्थ नसतो.

धरणांचा हिशेब या दिवसांत अधिक नाजूक असतो. १०५.२५ टीएमसीचे (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) कोयना धरण सप्टेंबरअखेर भरत आलेले असते, त्यामुळे नव्या पाण्याला जागा उरत नाही. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) सोडले तर दिवसाला टीएमसीचा पाचवा हिस्साही खाली जात नाही. एक टीएमसी चोवीस तासांत काढायला साधारण ११,५७४ क्युसेक लागतात. म्हणून परतीच्या मोठ्या सरीनंतर दरवाजे उचलावेच लागतात. कृष्णाकाठच्या मोटारी जुलैत वर घेतलेल्या असतात आणि गणपतीनंतर पुन्हा खाली बसवलेल्या असतात, त्या या विसर्गात बुडतात.

छाटणीची तारीख ठरवायला दोन आठवड्यांपुढचा कल हवा असेल तर दर गुरुवारी निघणारा विस्तारित पल्ल्याचा अंदाज पाहावा. फवारणीसाठी मंगळवार-शुक्रवारचा जिल्हा कृषी हवामान सल्ला. दुपारच्या ढगासाठी यांतले काहीच उपयोगी नाही. तिथे तीन तासांचा तात्कालिक इशारा, विजेसाठी दामिनी ॲप आणि पूर्वेच्या क्षितिजावर तीनच्या सुमारास ऐरणीसारखा पसरट माथा धरलेला ढग, एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते.