ब्रीदवाक्य (वैयक्तिक)

स्वतःच्या वागण्याला बांध घालण्यासाठी माणसाने जाणूनबुजून स्वीकारलेले मोजक्या शब्दांचे वचन म्हणजे त्याचे ब्रीदवाक्य. ते बहुधा त्याने स्वतः रचलेले नसते. जुन्या कवीची ओळ, धर्मग्रंथातले वचन किंवा लोकांच्या तोंडची म्हण त्याने आपलीशी केलेली असते. म्हण सगळ्यांची असते, तिच्या उलट वागणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. ब्रीद घेतले की जाब देणे आले. म्हणूनच एखाद्याचे ब्रीद वाचताना त्यात कोणते सत्य सांगितले आहे यापेक्षा त्या माणसाला स्वतःला कशापासून आवरायचे होते, हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फीच्या अपोलो मंदिरावर ‘स्वतःला ओळख’ आणि ‘कशाचाही अतिरेक नको’ ही वचने कोरलेली होती. तत्त्वज्ञानाच्या पंथांनी पुढे अशी छोटी वचने रोजच्या सरावात आणली. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसने सगळा उपदेश ‘सोस आणि आवर’ या दोन क्रियापदांत बसवला. शल्यवैद्य जशी आपली हत्यारे कायम हाताशी ठेवतो तशी तत्त्वे हाताशी असावीत, असे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे. सुखवादी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या अनुयायांकडे चार कलमांचा उपाय होता: देवाची भीती नको, मृत्यूची चिंता नको, चांगले ते सहज मिळते, वाईट ते सोसता येते. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन शहरातील पपायरसच्या (लव्हाळ्याच्या कागदाच्या) गुंडाळ्यांत हा मजकूर सापडला. संकटाच्या वेळी लांबलचक युक्तिवाद आठवत नाही, चार शब्द आठवतात, हे या मंडळींनी नेमके ओळखले होते. सम्राट ऑगस्टसचे आवडते ग्रीक वचन ‘घाई कर, पण सबुरीने’ असे होते. उतावळेपणा सेनानायकाला मुळीच शोभत नाही असे त्याचे मत होते.

प्रबोधनकाळातल्या युरोपात चित्र आणि वाक्य यांची जोडी करून ती अंगठीवर, पदकावर, चिलखतावर मिरवण्याची रीत पडली. इटालियन लेखक पाओलो जोव्हिओच्या 1555 मध्ये छापलेल्या संवादग्रंथात तिचे नियम दिले आहेत. चित्र हे शरीर, वाक्य हा आत्मा. अर्थ फार गूढ नसावा आणि कोणालाही सहज कळावा इतका उघडही नसावा. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतले ‘मुद्रा भद्राय राजते’ हे शब्द राज्यकर्त्याने लोककल्याणाशी बांधून घेतल्याचे ठळक उदाहरण आहे.

फ्रेंच निबंधकार माँतेन्यने तराजूच्या चित्राजवळ ‘मला काय ठाऊक?’ हे शब्द ठेवले. ‘मला काहीच ठाऊक नाही’ असे म्हटले असते तर तोही एक ठाम दावाच झाला असता. ज्याला कुठलाच दावा करायचा नव्हता त्याला प्रश्नचिन्हाचाच आधार घ्यावा लागला. डच तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या मुद्रेवर ‘सावध’ एवढाच शब्द होता. 1670 मध्ये त्याने धर्म आणि राज्यसत्ता यांवरचा ग्रंथ निनावी छापला, छपाईचे ठिकाणही खोटे दिले. नीतिशास्त्रावरचा मुख्य ग्रंथ 1677 मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच बाहेर आला. त्याचे ब्रीद आणि त्याचे आयुष्य यांत फट सापडत नाही.

सगळ्यांच्या बाबतीत असे घडत नाही, आणि खरे कुतूहल तिथेच आहे. प्रबोधनकाळातला डच विद्वान इरॅस्मस याला 1509 मध्ये त्याच्या शिष्याने प्राचीन रत्न जडवलेली अंगठी दिली. रत्नावरची आकृती टर्मिनस या सीमादेवतेची आहे असे कळल्यावर त्याने ती आपली मुद्रा केली आणि शब्द जोडले, ‘मी कोणापुढे हटत नाही’. 1519 मध्ये चित्रकार क्वेंटिन मेट्सिसने घडवलेल्या पदकावरही ते आले. ही विद्वानाची घमेंड आहे, अशी टीका झाली. 1528 मध्ये त्याने पत्र लिहून खुलासा केला: हे बोल माझे नाहीत, टर्मिनसचे, म्हणजे मृत्यूचे आहेत. पदकावर मृत्यूला अंतिम सीमा म्हणणारे वचनही आहे, त्यामुळे खुलाशात तथ्य दिसते. तरी मुद्रा पाहणाऱ्याने ते वाक्य इरॅस्मसच्या तोंडी घातले, यात नवल नाही. ब्रीदाखाली ज्याचे नाव, त्याच्याच मुखातून लोक ते ऐकतात.

अठराव्या शतकातला विचारवंत रूसो याने 1758 मध्ये ‘सत्यासाठी आयुष्य वेचावे’ हे ब्रीद उघडपणे स्वीकारले. ओळ रोमन कवी जुव्हेनलची. मूळ कवितेत मात्र ती क्रिस्पस नावाच्या सौम्य दरबाऱ्याविषयी आहे, ज्याला मोकळेपणाने बोलून सत्यासाठी जीव पणाला लावणे जमत नव्हते. रूसोने नकारातली ओळ होकारी केली आणि मग तिचा भार त्याच्यावर पडला. तरुणपणी त्याने एक फीत चोरून आळ निरपराध मोलकरणीवर ढकलला होता. अखेरच्या वर्षांतल्या लेखनात तो त्या खोटेपणाकडे परत जातो, कोणते असत्य क्षम्य आणि कोणते नाही याचा खल करतो आणि हे ब्रीद घेतल्यामुळे आपल्यावर इतरांहून कडक बंधन आले होते असे मान्य करतो. ‘बोले तैसा चाले’ ही तुकोबांची कसोटी त्याने स्वतःला लावली आणि त्यात तो पुरा उतरला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ब्रीदाचे मोल इथे कमी होत नाही, उलट कळते. कारण ब्रीद नसते तर ही झडती झालीच नसती.

आधुनिक काळात डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी 1947 मध्ये डेन्मार्कचा ‘हत्ती’ हा सन्मान मिळाल्यावर आपल्या कुलचिन्हात परस्परविरुद्ध शक्तींची जोडी दाखवणारी यिन-यांगची चिनी आकृती घेतली आणि ‘विरुद्ध गोष्टी परस्परपूरक असतात’ हे लॅटिन वाक्य निवडले. परस्परविरोधी वाटणारी वर्णने मिळूनच चित्र पूर्ण होते, हा भौतिकशास्त्रातला त्यांचा पूरकतेचा विचारच त्यांनी जीवनदृष्टी म्हणून पुढे ठेवला.

ब्रीदाने रोजचे वागणे बदलते का, याचे उत्तर त्याच्या भव्यतेत नाही. अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने 13 सद्गुणांची यादी करून प्रत्येकापुढे एक छोटी आज्ञा लिहिली आणि वहीत रोजच्या चुकांची खूण करायला सुरुवात केली. सर्वांत जास्त त्रास त्याला ‘व्यवस्था’ या गुणाने दिला. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये मांडले की ‘अमुक वेळ आली की मी अमुक करीन’ असा ठरवलेला बेत नुसत्या इच्छेपेक्षा जास्त पार पडतो. ‘सत्य बोलेन’ हे ब्रीद दिशा देते, पण उद्याच्या बैठकीत चुकलेला हिशेब आपणहून मांडायचा की नाही, हे वेगळे आणि आधीच ठरवावे लागते.